करडईच्या डब्यावर काय लिहायचं?

ही नोंद जरा लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

गेल्या महिन्यात घाण्यावर एक प्रकार घडला. वाडीवरच्या एक आक्का, वय साठीच्या पुढं, दर दोन महिन्यांनी आमच्याकडून पाच लिटर करडईचं तेल नेतात. त्या दिवशी रिकाम्या हातानं आल्या. कट्ट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुझं तेल खाऊनबी साखर साडेतीनशे निघाली की रं." मी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? तर म्हणाल्या, "त्या सोडल्या चार महिनं झालं. डब्यावर लिवलंय न्हवं, शुगरवर गुणकारी म्हणून."

ते मीच लिहिलं होतं. तालुक्याच्या छापखान्यात बसून, दुसऱ्या एका घाणेवाल्याचा स्टिकर समोर ठेवून. 'हृदयासाठी उत्तम, शुगर-बीपीवर गुणकारी.' विकायला बसलं की हात सैल सुटतो. आक्कांच्या पुतण्याला फोन केला, त्याच दुपारी त्यांना डॉक्टरकडं पाठवलं, गोळ्या परत सुरू झाल्या. उरलेले स्टिकर चुलीत घातले. पण मग डब्यावर लिहायचं काय, हा प्रश्न राहिलाच. म्हणून महिनाभर मिळेल ते वाचलं, कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या लोकांना फोन केले, घरातल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. मी डॉक्टर नाही. पण करडईला हे 'हृदयाचं तेल' नाव पडलं कसं आणि त्यात खरं किती, एवढं तरी विकणाऱ्याला माहीत पाहिजे.

आमच्या भागात, म्हणजे सोलापूरच्या काळ्या रानात, करडई हे मुख्य पीक नव्हतंच कधी. पीक शाळूचं. करडई त्याच्या सोबतीला, मधनं एखादी ओळ आणि रानाच्या कडेनं पट्टा, काट्यामुळं ढोरं आत शिरत नाहीत म्हणून. कोवळेपणी पाल्याची भाजी व्हायची. फुलांपासून कुसुंबी रंग काढायचे, पण कारखान्यातले रंग आल्यावर ते काम आजोबांच्याही आधी संपलं. काढणी पहाटे, दंवानं काटे नरम असताना, हाताला फडकी गुंडाळून. करडईचं करपवलेलं तेल मोटेच्या चामड्याला आणि नाड्याला चोळायचे, पाण्यानं कुजू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "आता कुठं मोट आन् कुठं काय, पर वास आठवतोय."

खायचं तेल मात्र घरात मोजून. बी तेल्याकडं जायचं, घाण्याचा बैल डोळ्यांवर झापड लावून फिरायचा, तेल बुधल्यात आणि पेंड म्हशीला. आजी फोडणीला इतकं कमी तेल घालायची की मोहरी कढईत नाचायच्या आधी करपायची, असं आत्या हसत सांगते. चरबी पोटात जायची ती जास्त करून चटणीतून: जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. म्हणजे तेल गाळून नव्हे, बियासकट, चोथ्यासकट. आता जुनं ते सगळं सोनं म्हणायला मी बसलेलो नाही. तेल कमी खाल्लं जायचं ते परवडत नव्हतं म्हणून. माणसं दिवसभर राबायची. आणि साखर असली तरी तपासणार कोण होतं? पण थोडं तेल आणि जास्त बिया हा जो हिशेब गरिबीनं बसवला होता, तो पुढं मोडला. कसा मोडला, ती गोष्ट डालड्यापासून सुरू होते.

विल्हेल्म नॉर्मान नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९०२ मध्ये एका युक्तीचं पेटंट घेतलं. तेलात धातूच्या भुकटीबरोबर हायड्रोजन वायू सोडायचा, की पातळ तेल गोठून तुपासारखं होतं. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला हा कारखाना उभा राहिला आणि १९३७ ला डालडा बाजारात आला. सुरुवातीला त्यात मुख्यतः शेंगतेल असायचं. म्हणजे आपल्याच भुईमुगाच्या शेंगा मुंबईला जाऊन तूप बनून परत यायच्या. पिवळ्या डब्यावर माडासारखं हिरवं झाड. आमच्या अंगणातली तुळस कित्येक वर्षं असल्याच डब्यात होती, तुमच्याकडंही असेल.

एक गंमत सांगून पुढं जातो. साजूक तुपात डालडा मिसळून विकायचे आणि ओळखता यायचं नाही. म्हणून सरकारनं नियम केला की वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. तिळाच्या तेलाला ठरावीक आम्ल आणि रसायन लावलं की लालसर गुलाबी रंग चढतो. तुपात डालडा असला की तीळ चुगली करणार. भेसळ पकडायला पिकालाच हेर केलं, हे मला फार आवडलं.

मात्र त्या गोठवलेल्या तेलात आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्या चाचणीत दिसत नव्हती. अर्धवट गोठवताना चरबीचा एक वेगळाच प्रकार तयार होतो, ट्रान्स फॅट. १९९० साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की ही चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते, दोन्हीकडून मार. आपल्याकडं मर्यादा टप्प्याटप्प्यानं आली. आधी दहा टक्के, मग पाच, २०२१ ला तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के. डालडा आल्यापासून इथवर यायला पंच्याऐंशी वर्षं गेली. त्यातली बरीचशी आमच्या लग्नाच्या पंगतीत गेली.

आता हृदयाकडं येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं तपासणी करत राहिले. रक्तदाब, विडी-सिगारेट, कोलेस्टेरॉल यांचा हृदयाशी संबंध आज आपण सहज बोलतो, तो अशा मोजणीतून पक्का झाला. १९७९ मध्ये त्यांनी छापलं की मधुमेह असलेल्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका इतरांच्या दुपटी-तिपटीनं असतो. म्हणून साखरवाल्याला नुसतं गोड सोडून भागत नाही, चरबी कुठली आणि किती हाही प्रश्न त्याचाच. गंमत म्हणजे इन्सुलिन हाती येण्याआधी, १९२१ च्या आधी, तिकडचे डॉक्टर मधुमेह्याची भाकरी तोडून त्याला लोणी-मलईवर ठेवत. तेव्हा माणूस महिने-वर्षं काढायचा, हृदयापर्यंत गोष्ट जायचीच नाही.

त्याच काळात दिसलं की लोणी, चरबी यांच्या जागी काही पातळ तेलं दिली की कोलेस्टेरॉल उतरतं. ज्या तेलात लिनोलेइक आम्ल जास्त, त्याचा परिणाम जास्त. आणि नेहमीच्या खाद्यतेलांत लिनोलेइक आम्लाचा राजा कोण? आपली करडई, पाऊणशे टक्क्यांच्या आसपास. तोवर तिकडं करडईचं तेल रंग आणि वॉर्निशच्या कारखान्यात जायचं, कारण ते हवेत चटकन वाळतं. आता ते औषधासारखं विकू लागलं. मुंबईत सफोला आलं ते याच वाऱ्यावर. कुंपणाचं पीक एकदम हृदयाचं पीक झालं.

हे वाळणं लक्षात ठेवा. ज्या गुणानं करडईचं तेल रंगात वाळतं, त्याच गुणानं ते कढईत पुन्हा पुन्हा तापवलं की बिघडतं. भज्यांचं उरलेलं तेल गाळून परत वापरायचं असेल तर हे तेल त्या कामाचं नाही. तेल महाग म्हणून जपून परत वापरणारे घाण्याचेच गिऱ्हाईक असतात, म्हणून सांगतोय.

वडिलांना १९९४ साली साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, डालडा बंद, करडईचं तेल खा. सल्ला चुकीचा नव्हता. पण वडिलांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. आमटीवर बोटभर तवंग घ्यायचे, भाकरी तेलात चुरायचे आणि आई बोलली की म्हणायचे, "अगं औषधच हाय हे." एक ग्रॅम तेलाला नऊ कॅलरी, मग ते करडईचं असो नाहीतर डालड्याचं. वजन वाढत गेलं, साखर आटोक्यात आली नाही. २००३ ला हृदयविकारानं गेले. तेलामुळं गेले असं मी म्हणत नाही. विडी होती, रक्तदाब होता, उधारीची काळजी होती. पण चांगलं तेल म्हणजे कितीही तेल, ही समजूत मी घरात पाहिली होती. आणि तरीही तो स्टिकर छापला.

आता जे वाचून माझी झोप उडाली ते. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ मध्ये एक प्रयोग झाला. नुकताच हृदयाचा त्रास होऊन गेलेले ४५८ पुरुष, वय ३० ते ५९. अर्ध्यांना सांगितलं, लोणी-चरबी सोडा आणि करडईचं तेल व त्याच तेलापासून केलेलं मार्गारिन खा. बाकीचे नेहमीचं खात राहिले. करडईवाल्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण मृत्यूची सगळी आकडेवारी, विशेषतः किती जण हृदयानं गेले ते, तेव्हा नीट छापलंच गेलं नाही. चाळीस वर्षांनी अमेरिकेतले क्रिस्टोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चुंबकीय फितीवरून ते आकडे परत काढले आणि २०१३ साली छापले. नेहमीचं खाणाऱ्यांत ११.८ टक्के दगावले, करडईच्या गटात १७.६ टक्के.

दोन दिवस कुणाशी बोललो नाही. घरात नव्या करडईची सव्वीस पोती आणि समोर हे.

मग शांतपणे पुन्हा वाचलं. ती माणसं आधीच हृदयाची रोगी होती आणि फक्त पुरुष होते. त्यांना तेल थोडंथोडकं नाही, भरपूर दिलं होतं. मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शक्यता बऱ्याच तज्ज्ञांनी दाखवली आहे. आणि नुसतं लिनोलेइक, त्याच्या जोडीला ओमेगा-३ जवळजवळ नाही. हे शेवटचं मला जास्त पटतं. ओमेगा-३ आपल्या जवसात आहे, तेलाच्या निम्म्याच्या आसपास. आजीच्या घरात करडईची फोडणी आणि जवसाची चटणी एकाच ताटात असायची. आजीला ओमेगा माहीत नव्हता आणि तिनं विचार करून जोडी लावली असंही नाही, पण जोडी होती. आपण करडईचं तेल ठेवलं आणि जवस रानातून काढून टाकला.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही आहेत. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात ५५ बायकांवर प्रयोग झाला. पाळी गेलेल्या, वजन जास्त, टाइप-२ मधुमेह. रोज फक्त ८ ग्रॅम करडईचं तेल, म्हणजे दोन चहाचे चमचेही नाही, सोळा आठवडे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, एचबीए१सी, ०.६४ नं उतरला आणि चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. पण शेवटपर्यंत टिकल्या फक्त ३५ जणी, आणि तेल अजिबात न दिलेला गट तुलनेला नव्हताच. खरं तर प्रयोग दुसऱ्याच एका पदार्थाचा होता, करडईचं तेल जोडीला घेतलं होतं. माझ्या स्टिकरवरची ओळ अशाच बातम्यांतून उतरून आली असणार. मध्ये गळून गेलं ते आठ ग्रॅम. शिवाय २०१७ मध्ये १० देशांतल्या ३९,७४० लोकांची माहिती एकत्र करून पाहिलं, तर रक्तात लिनोलेइक जास्त असलेल्यांना पुढं मधुमेह होण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. यातून नातं दिसतं, पण तेल पाजलं की साखर जाते असं त्यात कुठं नाही.

तर करडई विषही नाही आणि गोळीही नाही. डालडा, वनस्पती, पामतेल यांच्या जागी बेताचं करडईचं किंवा शेंगतेल आलं तर फायदा आहे. आहे त्या तेलावर हे तेल वाढवून घेतलं तर नाही. माझं मत एवढंच, आणि ते बदलायला मी तयार आहे.

पामतेलाचं नाव आलं म्हणून थोडं. १९८६ ला तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि काही वर्षांतच देश खाद्यतेलात स्वतःच्या पायावर उभा राहत होता. सोलापूरच्या संशोधन केंद्राचा 'भीमा' वाण तेव्हा आमच्याकडं घरोघरी. फलटणला निंबकरांच्या संस्थेनं बिनकाट्याची करडई काढली. मग १९९४ ला पामोलिनची आयात खुली झाली. इंडोनेशिया-मलेशियाचं स्वस्त तेल, सुट्टं मिळणारं, हॉटेलात, फरसाणात, बिस्किटात. करडईचा भाव पडला, काढणीला माणूस मिळेना, सोयाबीन आलं, पाण्याखालच्या रानात ऊस आला. करडई एकेकाळी देशात कित्येक लाख हेक्टरांवर होती, ती आता एक लाखाच्या आसपास आली. आज आपण वर्षाला दीडशे लाख टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, लोण्याच्या जातीची. साखरवाला माणूस घरात चहा बिनसाखरेचा घेतो आणि स्टँडवर दोन वडे खातो, त्या वड्याचा हिशेब कुणी विचारत नाही.

कृषीवाल्या मित्रांसाठी एक गोष्ट. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत भारतातून गेलेलं करडईचं एक बी तपासलं, तर त्यात उलटाच प्रकार. लिनोलेइक कमी आणि ओलेइक भरपूर, ऑलिव्हच्या तेलासारखं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नोल्स यांनी त्यावरून १९६६ ला 'यूसी-१' हा वाण काढला. हे तेल तापमानाला टिकतं, लवकर खवट होत नाही. आज जगात जास्त ओलेइकची करडई म्हणून जे विकतं, त्याचं मूळ आपल्या मातीत. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेनंही आता असे वाण दिले आहेत. म्हणजे नुसतं 'करडईचं तेल' म्हटलं तरी ते दोन वेगळ्या जातीचं असू शकतं. येत्या हंगामात एक एकर त्या बियाण्याची टाकणार आहे. मावा किती येतो, वजन किती भरतं, इथंच कळवीन.

घरचा हिशेब सांगतो. आम्ही पाच माणसं. पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत संपायचा, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशाची सरासरी वर्षाला माणशी १९.७ किलो दिली आहे, म्हणजे ५४ ग्रॅम. आम्ही देशाच्या पुढंमागंच. मला स्वतःला तीन वर्षांपासून साखर आहे. बायकोनं बरणीतून ओतायचं बंद करून पळी ठेवली, तळण पंधरवड्यातून एकदा, फोडणीला करडई आणि शेंगतेल आलटून पालटून. जवस भाजून त्याची चटणी रोज, जवसाचं तेल तापवायचं नाही. आता तोच डबा साडेतीन महिने जातो, माणशी २८-२९ ग्रॅम. पोरं पहिले पंधरा दिवस भाजीला तोंड वाकडं करत होती. माझं वजन चार किलो उतरलं, पण त्यात चालण्याचा आणि भाकऱ्या तीनच्या दोन केल्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय तेलाला देऊन पुन्हा तीच चूक करणार नाही. गोळी चालू आहे.

नवा स्टिकर छापून आला. 'लाकडी घाण्याचं करडईचं तेल. आमच्या रानातली करडई. माणशी दिवसाला सगळं तेल मिळून दोन मोठे चमचे पुरे. तळून उरलेलं परत तापवू नका. हे औषध नाही, गोळ्या सोडू नका.' छापखानावाला म्हणाला, दादा, असं लिहिल्यावर कोण घेईल?

आक्का परवा आल्या होत्या. साखर दोनशेच्या आत आलीय. नातवाकडून नवा स्टिकर वाचून घेतला, दोन चमचे कुठले ते विचारलं, तेव्हा घाण्यावरचा चमचा दाखवला. पाच लिटर नेणाऱ्या बाईनं दोन लिटर नेलं. म्हशीला पेंड मात्र दुप्पट घेतली.